बसमधली माणसे न्याहाळण्याचा आनंद कुठवर घ्यावा?

फुलेवाडी नाका यांचा प्रश्न

मी कोल्हापुरातल्या फुलेवाडीत राहते आणि व्हीनस कॉर्नरजवळच्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. चौदा वर्षे हे अंतर मी दुचाकीवरून कापले. गेल्या पावसाळ्यात गाडी घसरून मनगटाचे हाड मोडले, चार महिने गाडीला हात लावायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले, आणि मी केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, पास काढला. मनगट केव्हाच बरे झाले, गाडीही दुरुस्त होऊन दारात उभी आहे, पण मी अजून बसनेच जाते. घरी विचारले तर पेट्रोल वाचते असे सांगते. खरे कारण असे आहे की सकाळचा तो अर्धा-पाऊण तास मला माणसे पाहायला मिळतात, आणि त्या पाहण्याचा मला इतका लळा लागला आहे की रविवारी चुकल्याचुकल्यासारखे होते.

दुचाकीवर असताना मला फक्त रस्ता दिसत असे. खड्डा, वळणावरची रिक्षा, सकाळच्या धारा झाल्यावर रस्त्याने निघालेल्या म्हशी, एवढेच माझे जग होते. जावळाच्या गणपतीसमोरून बस जाते तेव्हा आतली माणसे काय करतात, हे मला चौदा वर्षांत कधी कळले नव्हते. चाललेले बोलणे मध्येच थांबते आणि हात छातीकडे जातात. परंतु प्रत्येकाचा नमस्कार निराळा असतो. एक गृहस्थ पाय चपलेतून बाहेर काढून हात जोडतात आणि मंदिर मागे पडल्यावरच पुन्हा चप्पल घालतात. एक शाळकरी मुलगा घाईघाईने दोन्ही कानांच्या पाळ्या धरतो. फोनवर बोलणारी एक बाई बोलणे न थांबवता दोन बोटे आधी ओठांना आणि मग कपाळाला लावते. माझ्या पुढच्या बाकावर बसणारे, कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालणारे आजोबा मात्र नमस्कार करतच नाहीत. ते खिडकीतून मंदिराकडे पाहून, समोरून जुना शेजारी यावा तशी, किंचित मान हलवतात.

गंगावेशीला कधीकधी अठरा-एकोणीस वर्षांचा एक मल्ल चढतो. कान मोडलेले, मान खांद्यांत गेलेली, हातात दुधाची किटली. तो बाकावर बसला की दोन्ही खांदे पुढे घेऊन स्वतःला इतके आवळून धरतो की शेजारच्या माणसाला त्याचा स्पर्शही होऊ नये. एवढी ताकद कमावणाऱ्या मुलाने ती एवढ्या जपणुकीने आवरून बसावे, हे पाहताना मला दरवेळी भरून येते. त्याच्या मागे महाविद्यालयातल्या मुलींचा घोळका असतो आणि त्यांचे बोलणे मी डोळे मिटून ऐकते. "मी काल आलोच नाही," "मी जातो आता," असे आपल्या कोल्हापूरच्या मुली सहज म्हणतात. माझ्या पुण्याच्या जावेला ते अजून खटकते, मला मात्र त्या 'आलो-गेलो'त घरचा उंबरठा दिसतो.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहिते आहे तिच्याकडे येते. रंकाळा बसस्थानकावर पन्नाशीच्या एक बाई चढतात आणि बिंदू चौकात उतरतात. मांडीवर कापडी पिशवी असते. त्या कोणाशी बोलत नाहीत, खिडकीबाहेर पाहत असतात, परंतु त्यांच्या दोन्ही हातांची बोटे त्या पिशवीवर सतत हलत असतात. अंगठा आणि पहिली दोन बोटे एकमेकांवरून जातात, खाली ओढल्यासारखी होतात, वळतात, आणि दर तीन-चार हालचालींनंतर डावा अंगठा पिशवी घट्ट दाबून धरतो. सुरुवातीला मला वाटले की त्या जप करत असतील. पण जप एका हाताने होतो. मग गजरेवाली वाटली. पण गजरा गुंफणारा हात दोऱ्याचा फेर घेतो, तसा फेर येथे नाही. लोकरीचे विणकाम नाही, वातीही नाहीत. पाच महिने मी अंदाज करते आहे.

कार्यालयातली मैत्रीण म्हणाली, "एवढं वाटतंय तर विचार की सरळ." विचारायला कोल्हापुरात वेळ लागत नाही, हे मलाही कळते. पहिल्या थांब्याला "गाव कुठलं?", दुसऱ्या थांब्याला "आडनाव काय?", आणि तिसरा थांबा येईपर्यंत कोणीतरी सामाईक पाव्हणा निघतो. पण विचारले की हा रोजचा आनंद संपेल अशी मला धास्ती वाटते. उलट दुसऱ्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की मुळात मी जे करते ते परक्याच्या आयुष्यात चोरून डोकावणे आहे आणि त्यात आनंद मानणेच गैर आहे. तिच्या या बोलण्याने माझी झोप उडाली आहे. तुम्ही रोजच्या प्रवासात माणसे पाहता का, काय पाहता, आणि पाहण्याची हद्द कोठे मानता? मनापासून उत्तरे द्यावीत ही विनंती.

डबल बेल

ताई, मी या शहरात एकतीस वर्षे बसचा वाहक होतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो. वाहक माणसाचा चेहरा नंतर पाहतो. आधी त्याला हात दिसतो. गर्दीत आपल्यापुढे येतो तो हात आणि त्यातले पैसे. पदराच्या गाठीतून काढलेली नोट निराळी असते, खिशातून काढलेली निराळी. मोलमजुरी करणाऱ्याच्या मुठीतले नाणे गरम लागते, कारण त्याने ते थांब्यावर आल्यापासून धरून ठेवलेले असते. उद्यमनगरातल्या फौंड्रीत काम करणाऱ्याच्या तळहातावरच्या रेषा काळ्या असतात आणि तो काळेपणा साबणाने जात नाही. सराफी कामातल्या माणसाच्या बोटांची टोके भाजलेली असतात. मला कित्येक प्रवाशांची नावे शेवटपर्यंत ठाऊक नव्हती, पण हात पुढे आला की मी थांबा न विचारता तिकीट फाडत असे, आणि तिकीट बरोबर निघाले की त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव येई तो पाहण्यासाठी मी ड्यूटीची वाट पाहायचो. आपल्याला कोणीतरी ओळखून आहे, एवढाच तो भाव असे.

प्रत्येक फेरीची माणसे वेगळी असतात, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या फेरीला भाजीच्या बुट्ट्या, फुलांची गाठोडी आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन येणारी माणसे असत. ती कमी बोलत, कारण त्यांचा दिवस रात्री तीनला सुरू झालेला असे. नंतर कामगार, नंतर विद्यार्थी. दुपारच्या फेरीला सीपीआर रुग्णालयाकडे जाणारे डबे असत. ज्याचा रुग्ण बरा होत आहे त्या डब्याच्या माणसाला खिडकी लागते. ज्याचा नाही तो बाकाच्या कडेला, उतरायच्या तयारीत बसतो, थांबा दूर असला तरी. तशा माणसाकडून सुट्टे पैसे मागायचे नाहीत, हा मी स्वतःपुरता नियम केला होता. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की बसमध्ये गुलालच गुलाल. बाकांवर, खिडक्यांच्या दांड्यांवर, माझ्या तिकिटांवरही. दमलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोके टाकून झोपत आणि त्यांच्या कपाळाचा गुलाल शेजारणीच्या लुगड्याला लागे. त्याबद्दल कोणी कुरकुर केलेली मी ऐकली नाही.

तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीला माझा अनुभव सांगा. बसमध्ये चोरून पाहणारे लोकही असतात आणि त्यांना ओळखणे हे आमचे कामच होते. खिसेकापू माणसाकडे पाहत नाही. तो खिसा पाहतो, पिशवी पाहतो, गळ्यातले पाहतो. बायकांना त्रास देणाराही असाच, तुकडा पाहतो. तुम्ही त्या मल्लाचे खांदे पाहिलेत आणि त्यातून त्याचा स्वभाव पाहिलात. या दोन नजरा मला एकतीस वर्षांत कधी सारख्या वाटल्या नाहीत.

विचारावे की नाही, याबद्दल एवढेच सांगतो की घाई करू नये. शाळेच्या पासावर येणारा एक मुलगा माझ्या बसमध्येच मोठा झाला. दप्तर गेले, हातात डबा आला, मिशी आली. आम्ही मान हलवण्यापलीकडे कधी बोललो नाही. एके दिवशी त्याने तिकिटाच्या पैशांबरोबर लग्नाची पत्रिका दिली. त्याचे नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचले. लग्नाला गेलो होतो.

मिरज पॅसेंजर

मी बसचा नव्हे, रेल्वेचा प्रवासी आहे. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग 1891 साली सुरू झाला आणि त्यावर माझी रोजची ये-जा गेली बावीस वर्षे चालू आहे. माझे मत तुमच्या कार्यालयातल्या मैत्रिणीच्या विरुद्ध आहे: विचारू नका. आमच्या डब्यात पासधारकांची एक मंडळी आहे. सुरुवातीची दोन वर्षे मी त्यांच्याकडे लांबून पाहत होतो आणि त्यांच्यातला प्रत्येक जण मला एखाद्या न वाचलेल्या पुस्तकासारखा वाटत असे. मग ओळख झाली, जागा ठरल्या, आणि आता आम्ही एकमेकांच्या मुलांच्या नोकऱ्या, जमिनीचे वाद आणि निवडणुका यांबद्दल बोलतो. ती मैत्री मोलाचीच आहे, अडचणीला धावून येणारी आहे. पण परवा त्यांच्यातल्या एकाने चष्मा बदललेला मला आठ दिवसांनी दिसला. ओळख होण्यापूर्वी तो मला पहिल्या दिवशी दिसला असता.

आता मी रुकडीला आणि हातकणंगल्याला चढणाऱ्या माणसांकडे पाहतो. पुलावरून पंचगंगा दिसू लागली की डब्यातली कोणती माणसे मान वळवतात आणि कोणती वळवत नाहीत, एवढे पाहिले तरी माझी सकाळ भरते.

शिकवणारा एक

या विषयावर मी वर्गात शिकवत आलो आहे आणि बसनेच महाविद्यालयात जातो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक साधे निरीक्षण नोंदवले होते: एकोणिसाव्या शतकात बस, रेल्वे आणि ट्राम येण्यापूर्वी, एकमेकांशी न बोलता मिनिटेच्या मिनिटे किंवा तासन्‌तास एकमेकांकडे पाहत बसण्याची वेळ माणसांवर आलीच नव्हती. बैलगाडीत शेजारी बसलेला माणूस नात्यातला किंवा गावातला असे. म्हणजे तुम्ही ज्या आनंदाबद्दल लिहिता तो माणसाच्या इतिहासात अगदी अलीकडचा आहे आणि त्याचे रीतिरिवाज आपण अजून घडवतो आहोत. तुमची झोप उडाली याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

रीतीचा एक भाग अमेरिकेतील अभ्यासक अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 मध्ये मांडला. अनोळखी माणसाजवळून जाताना आपण त्याच्याकडे एकदा पाहतो, तू येथे आहेस हे मला कळले एवढे त्या नजरेतून सांगतो, आणि लगेच नजर काढून घेतो. अजिबात न पाहणे हा अपमान ठरतो आणि नजर न काढणे हा उपद्रव ठरतो. सभ्यता या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत असते. नजर काढून घेणे हा पाहण्याचाच अर्धा भाग आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. तुम्ही त्या बाईंच्या हाताचे वर्णन इतके बारकाईने केले आहे, पण त्यांच्या चेहऱ्याबद्दल जवळजवळ काही लिहिलेले नाही. मला वाटते की तुम्ही न ठरवताच ही रीत पाळत आला आहात.

आता विचारण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला, तो 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सकाळी फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांची छायाचित्रे काढली आणि पुढच्या आठवड्यात त्याच फलाटावर ती वाटून, यांतले कोण तुमच्या ओळखीचे आहेत असे विचारले. दहापैकी जवळजवळ नऊ प्रवाशांना असा किमान एक चेहरा सापडला, जो ते रोज पाहत होते पण ज्याच्याशी ते कधीही बोलले नव्हते. मिलग्रॅम यांनी अशा माणसाला 'परिचित अनोळखी' म्हटले आणि, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की हा संबंधाचा अभाव नसून एक खरा संबंध आहे असे त्यांनी ठासून सांगितले. दोघांनीही न बोलता एकमेकांना मोकळे सोडायचे ठरवलेले असते आणि त्यात वैर नसते. जितका काळ जातो तितके बोलणे अवघड होते. मात्र तीच दोन माणसे रोजच्या जागेपासून दूर कोठे भेटली, किंवा संकट आले, तर बोलणे आपोआप सुरू होते.

याचा प्रत्यय मला 2019 च्या ऑगस्टमधील महापुरानंतर आला. बस पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी मी चढलो, तर वर्षानुवर्षे गप्प असणारी बस बोलत होती. "तुमच्याकडं कुठवर आलं होतं?" एवढाच प्रश्न होता आणि उत्तरे हातांनी दिली जात होती: कोणी गुडघ्याजवळ हात धरत होता, कोणी छातीजवळ, आणि एका वृद्ध गृहस्थांनी हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला. त्या दिवशी मला त्यांचे घर नदीकडेचे आहे हे कळले. पंधरवड्याने बस पुन्हा शांत झाली. ती शांतता मात्र पूर्वीची राहिली नाही, निदान माझ्यासाठी.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. शिकागो येथे निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी केलेला आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात काही प्रवाशांना अनोळखी शेजाऱ्याशी बोलण्यास आणि काहींना एकटे बसण्यास सांगितले होते. बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला, आणि आधी विचारले असता लोकांनी याच्या उलट अपेक्षा केली होती. तेव्हा विचारल्याने आनंद संपेल ही तुमची धास्ती बरोबरच असेल असे नाही. पण शिकागोत "आडनाव काय?" हा दुसऱ्या थांब्याचा प्रश्न नसतो, आणि तेथला निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावताना मी थोडा थांबेन.

सायबर चौक

वरची सर्व उत्तरे वाचली. पाहणाऱ्यांनी लिहिले आहे. जिच्याकडे पाहिले जाते तिनेही लिहावे असे वाटले. मी कागल तालुक्यातील आमच्या गावातून एसटीने येते. महाविद्यालयाची पाच वर्षे माझ्यासाठी प्रवास म्हणजे पाहून घेतले जाणे होते. सकाळच्या गाडीत आम्ही तिघी-चौघी आणि बाकी सगळे पुरुष. कोठे पाहायचे हे ठरवून मी गाडीत चढत असे: पुढच्या बाकाच्या दांडीकडे. पाच वर्षांत त्या दांडीचा रंग कोठे कोठे उडाला आहे ते मला पाठ झाले, पण माझ्याच गाडीतल्या माणसांबद्दल मी एक ओळही लिहू शकत नाही. फुलेवाडीच्या ताईंच्या वाट्याला आला तो आनंद मला त्या वयात मिळाला नाही, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

2023 च्या मार्चपासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले आणि आमची गाडी बदलली. बाजाराला निघालेल्या, माहेरी निघालेल्या, नुसत्या देवीला जाऊन येते म्हणून निघालेल्या बायका चढू लागल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तर ओटीच्या पिशव्यांनी गाडी भरते. त्या बायका मोकळेपणाने सगळीकडे पाहतात, एकमेकींच्या बांगड्या पाहतात, लेकरे पाहतात, चालकाला रस्ता सांगतात. त्यांच्यामध्ये बसून मी हळूहळू मान वर करायला शिकले. दांडीवरून माझी नजर सुटली ती सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या कपाळावरच्या गोंदणावर गेली, आणि त्यांनी मला पाहताना पकडले तेव्हा त्या हसल्या. तेव्हापासून मी पाहते. हद्दीचा नियम मी स्वतःला असा घालून घेतला आहे की समोरच्या व्यक्तीने वर पाहिले तर आपली नजर काढायची आणि त्या प्रवासात पुन्हा तिच्याकडे वळायचे नाही. फोन काढून कोणाचे चित्रण करणे तर मुळीच नाही. माणूस आपल्या स्मरणात राहिला तर त्याचे काही जात नाही; तो चार हजार अनोळखी लोकांच्या फोनवर गेला की त्याचा तो प्रवास त्याचा राहत नाही.

आडनावाबद्दलही लिहिते, कारण वर ते दोनदा आले आहे. आपल्याकडे माणूस ओळखणे आणि त्याची जात ओळखणे या दोन गोष्टी फार जवळ राहतात. "आडनाव काय?" या प्रश्नाचे उत्तर दिल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा कसा किंचित मागे सरतो, हे मी शेजारच्या बाकावरून पाहिले आहे आणि स्वतःही अनुभवले आहे. ज्या गावात राजर्षी शाहू महाराजांनी, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून सर्वांदेखत चहा घेतला, त्या गावात हे अजून घडते. लोकांनी पाहावे म्हणूनच तो चहा उघड्यावर घेतला होता ना? म्हणून ताई, तुम्ही पाच महिने त्या बाईंना आडनावावाचून पाहता आहात, ते मला चोरीसारखे मुळीच वाटत नाही. बसमधला तो अर्धा तास त्या फक्त हलणाऱ्या बोटांच्या एक बाई आहेत. विचारायचेच असेल तर कामाचे विचारा, गावाचे आणि आडनावाचे नको.

कानवाली

मी या मंचावर सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो. पण बोटांचे वर्णन वाचून मला राहवले नाही. अंगठा आणि दोन बोटे, एकावरून एक, खाली ओढ, वळण, आणि तीन-चार फेरांनंतर डाव्या अंगठ्याचा दाब. ताई, ती वेणी आहे. चामड्याच्या बारीक वाद्यांची (दोऱ्यांसारख्या पट्ट्यांची), कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर बसते ती. डावा अंगठा दाबतात तो विणलेला भाग सैल पडू नये म्हणून. आमच्या घरात तीन पिढ्या हे काम आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले चामडे येते, तळ कापणे आणि शिवणे बहुतेक पुरुष करतात, आणि वेणी घरातल्या बायका घालतात. माझ्या आईची बोटे लग्नाच्या पंगतीत, कीर्तनात, दवाखान्याच्या बाकावर, कोठेही अशीच चालत. तिला ते कळतही नसे. कोणी हात धरला तर ती दचकून म्हणायची, "काय झालं?" त्या बाई बिंदू चौकात उतरतात आणि तेथून चप्पल लाइन चालत जाण्याइतकी जवळ आहे, यावरूनही माझा अंदाज पक्का होतो. अर्थात तो अंदाजच आहे.

तुम्ही सगळे हात आणि चेहरे पाहता, मी बसमध्ये पाय पाहतो. तो आमच्या धंद्याचा गुण आहे. टाच बाहेरच्या बाजूने झिजली आहे की आतल्या, अंगठ्याची वादी कितीदा बदलली आहे, चप्पल पावसात वापरून कडक झाली आहे की तेल लावून राखली आहे, यावरून माणूस किती चालतो आणि आपल्या वस्तूंना कसा वागवतो ते कळते. कोणाच्या पायात हाताने घातलेली चांगली वेणी दिसली की मी थांबा चुकेपर्यंत पाहत राहतो. ती कोणी घातली असेल हे मला ठाऊक नसते, पण कोणाचा तरी हात होता हे दिसत असते. सायबर चौक यांनी आडनावाबद्दल लिहिले ते वाचून मी आमच्या घरात मोठ्याने वाचून दाखवले.

एक विनंती आहे. त्या बाईंना "तुम्ही चपला करता ना?" असे विचारू नका. लोक हे कोणत्या आवाजात विचारतात ते आम्ही ऐकले आहे. तुमचा आवाज तसा नसेल हे कळते, पण त्यांना ते पहिल्या शब्दात कसे कळणार?

फुलेवाडी नाका

सर्वांचे मनापासून आभार. मी सगळी उत्तरे दोनदा वाचली आणि मैत्रिणीलाही वाचायला दिली. तिचे मत बदलले नाही, पण डबल बेल यांच्या खिसेकापूच्या उदाहरणावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

कानवाली, तुमचे उत्तर वाचून मी रात्री माळ्यावरून माझी जुनी कोल्हापुरी काढली. लग्नातली आहे, सोळा वर्षांपूर्वीची. वेणी आजवर मी पाहिलीच नव्हती; पायात घातली होती एवढेच. दिव्याखाली धरून तिचे फेर मोजायचा प्रयत्न केला आणि एक वादी कोठे खाली जाते व पुन्हा कोठे वर येते हे मला शेवटपर्यंत धरता आले नाही. मग थोडे तेल लावून ती पुसून ठेवली.

बुधवारी ती घालून निघाले. रंकाळा बसस्थानकावर त्या बाई चढल्या आणि नेमकी माझ्या शेजारची जागा मोकळी होती. मी एकदा पाहिले आणि नजर काढून खिडकीकडे वळवली. बोटे नेहमीप्रमाणे पिशवीवर चालू होती. आता मला त्या बोटांमध्ये नसलेल्या वाद्या दिसत होत्या आणि दर चौथ्या फेराला अंगठा कधी दाबला जाईल हे मी मनात आधीच सांगू शकत होते. मी काही विचारले नाही. पापाच्या तिकटीजवळ बसला गचका बसला, माझा पाय पुढे सरकला, आणि त्यांची नजर बाहेरून आत येऊन माझ्या चपलेवर थांबली. पट्ट्यावरून ती वेणीवर गेली आणि तेथे बराच वेळ राहिली. त्यांची बोटे थांबली होती. मग त्या पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या आणि बोटे पहिल्यासारखी चालू झाली.